लघुलेखक, आशुलिपिक आणि स्टेनो

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेऱ्यांत कधी काम पडलं, तर दारांवरच्या पाट्या वाचत जा. राज्य सरकारच्या कचेरीत पाटी दिसेल 'लघुलेखक' अशी. केंद्र सरकारच्या कचेरीत तीच खुर्ची, तीच वही, तीच पेन्सिल, पण पाटी हिंदी: 'आशुलिपिक'. आणि दोन्हीकडचे साहेब घंटी वाजवून शिपायाला सांगतात काय, तर "स्टेनोला बोलाव." साहेब बोलतील ते खुणांच्या लिपीत भरभर उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करायचं, असल्याच एका खुर्चीवर माझी एकतीस वर्षं गेली. एका माणसाला तीन नावं कशी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

'आशु' म्हणजे जलद. तिथं काही अडत नाही. 'स्टेनो' हा मात्र तुटलेला शब्द आहे. पुरता शब्द 'स्टेनोग्राफर'. ग्रीक भाषेत 'स्टेनोस' म्हणजे अरुंद, चिंचोळं आणि 'ग्राफेन' म्हणजे लिहिणं. पण कपडे ग्रीक असले तरी शब्द प्राचीन ग्रीसमधला नाही. जॉन विलिस नावाच्या इंग्रजानं १६०२ साली या कलेवर पुस्तक काढलं, त्या पुस्तकाच्या नावात हा शब्द आला आणि पुढे तोच रुळला. म्हणजे आमचं काम कोणाला जलद वाटलं, कोणाला अरुंद.

आणि मराठीला लघु, म्हणजे छोटं? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, थोडा रागही यायचा. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्द उतरवून घ्यायचे आणि पाटीवर 'लघु'! मग एकदा 'हस्तलाघव' हा शब्द समोर आला. हस्तलाघव म्हणजे काही हात छोटा असणं नव्हे. हाताची चपळाई. संस्कृतात 'लघु' म्हणजे छोटं, तसंच हलकं आणि चपळही. त्या दिवसापासून पाटीवरचा माझा राग गेला.

आता थोडं कोर्टाकडे वळू. जिल्हा न्यायालयाच्या आसपास टेबल मांडून, शिक्के ठेवून बसलेले नोटरी तुम्ही पाहिले असतील. हा नोटरी मुळात आमच्याच जातकुळीतला. लॅटिनमध्ये 'नोटा' म्हणजे खूण, आणि अशा खुणांनी भरभर लिहून घेणारा तो 'नोटारियुस'. रोममध्ये सिसेरो नावाचा मोठा वक्ता होता, त्याचा टिरो नावाचा गुलाम होता. सिसेरोनं पुढे त्याला मुक्त केलं. त्या काळातल्या जलद लिहिण्याच्या खुणा या टिरोच्याच नावानं ओळखल्या जातात. त्यातली 'आणि' या अर्थाची खूण, दिसायला इंग्रजी सातसारखी, आयर्लंडमधल्या पाट्यांवर आजही दिसते. दोन हजार वर्षांनी एका गुलामाची खूण सरकारी पाटीवर! आमच्यापैकी कोणाच्या नशिबात हे नाही.

आपल्याकडेही भरभर लिहिणाऱ्यांना तोटा नव्हता. 'नवीस' हा फारसी शब्द, अर्थ लिहिणारा. चिठ्ठीनवीसाचा चिटणीस झाला. फडनवीसाचं काय झालं ते नागपूरकरांना मी सांगायला नको. पण मला जवळचा वाटतो तो वाकनीस. 'वाकया' म्हणजे घडलेली गोष्ट, ती लिहून ठेवणारा वाकेनवीस. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री म्हणजेच वाकनीस, राजाच्या रोजच्या घडामोडींची नोंद त्याच्याकडे. आणि ही सगळी मंडळी लिहायची ती मोडीत. नागपूरकर भोसल्यांचे कागदही मोडीतलेच. पानावर आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू फारसा न उचलता खाली अक्षरं ओवत जायची. बालगंधर्वांच्या गाण्यासारखं, श्वास कुठे घेतला ते कळू द्यायचं नाही.

पण हे सगळे बाहेरून आलेले किंवा दरबारी शब्द. घरातला शब्द विचाराल तर 'टिपण'. संस्कृतात टिप्पणी आहेच, ग्रंथाच्या टीकेवर आणखी खुलासा म्हणून लिहिलेली. पण मराठी माणूस 'टिपून घे' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ग्रंथ नसतो. चिमणी अंगणातले दाणे टिपते. टीपकागद शाई टिपतो. शिकारी नेम धरून सावज टिपतो. आई पदरानं डोळे टिपते. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: सगळं उचलायचं नसतं, नेमकं तेवढंच आणि झटक्यात उचलायचं. चिमणी खडे सोडून देते.

याच टिपणाची गंमत म्हणजे ते फार ठिकाणी फिरून आलंय. लग्न जुळवताना टिपण म्हणजे पत्रिका. शेताच्या मोजणीसाठी भूमी अभिलेखच्या कचेरीत गेलात तर तिथं टिपण म्हणजे मोजणीचा कच्चा नकाशा, आणि त्याची नक्कल मिळवताना चपला झिजतात. अन् शिंप्याकडे गेलात तर टीप म्हणजे मशीनची शिवण. शिंप्यावरून आठवलं, 'टाचण' हा शब्दही त्याच्याच दुकानातला. टाचणं म्हणजे पक्की शिवण घालण्याआधी कापड सैल टाक्यांनी अडकवून ठेवणं. मास्तरांचं पाठ टाचण तसंच. खरा पाठ वर्गात, वहीत नुसते कच्चे टाके.

तर टिपणारा निवडून घेतो. आम्हा स्टेनोंना मात्र निवडायची मुभा नाही. साहेब खोकले तर तेवढं सोडायचं, बाकी सगळं घ्यायचं. त्यासाठी सर आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये काढलेली पद्धत आम्ही सीताबर्डीच्या एका क्लासमध्ये शिकलो. ती स्पेलिंगवर नाही, उच्चारावर चालते. 'प' म्हणजे एक तिरपी बारीक रेघ. तीच रेघ दाबून जाड केली की 'ब'. तशीच 'ट' आणि 'ड' यांची उभी रेघ, 'क' आणि 'ग' यांची आडवी. आपल्या वर्णमालेत हीच अक्षरं एकेका वर्गात एकत्र बसलेली असतात, म्हणून आम्हा मराठी पोरांना ते लवकर उमगलं. अडचण हाताच्या दाबाची. इंग्रजी 'पे' म्हणजे पगार, आणि पेन्सिल जरा जास्त दाबली की तोच 'बे', म्हणजे उपसागर. माझ्या पहिल्याच महिन्यात एका पत्रात कर्मचाऱ्यांच्या थकीत पगाराऐवजी थकीत उपसागराचा उल्लेख टाइप होऊन गेला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "काय बे, हे काय करून राहिला?" 'बे' कसा उच्चारायचा हे त्यांनी मला तेव्हा नीट शिकवलं.

परवा नातीनं माझ्या जुन्या वह्या काढल्या. "आजोबा, हे काय किडे काढून ठेवलेत?" म्हणाली. मी तिला एक ओळ वाचून दाखवली. ती काही प्रभावित झाली नाही. तिनं मोबाइल पुढे केला. "हे बघा, नुसतं बोला, तो लिहितो." मी घसा साफ करून सांगितलं, "उद्याच्या बैठकीचं टिपण तयार ठेवा."

मोबाइलनं लिहिलं, "उद्याच्या बैठकीचं टिफिन तयार ठेवा."

नात हसली नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "याचीपण पेन्सिल जास्त दाबली गेली वाटतं."

नमस्कार.