परवानगी न मागता लिहिलेली राज्यघटना

अलास्काचं बघा. अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला घेतलेला मुलूख, पण १९५० नंतरही नुसता टेरिटरीच. म्हणजे लोक टॅक्स भरणार, पण राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नाही, आणि वॉशिंग्टनला एक प्रतिनिधी जायचा तो बोलायचा भरपूर, पण मतदानाची वेळ आली की गप्प बसायचा.

बरं, राज्य करा म्हणून संसदेच्या किती विनवण्या करणार? तर या लोकांनी परवानगी न मागताच आपल्या राज्याची घटना लिहायला घेतली. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये फेअरबँक्सजवळच्या युनिव्हर्सिटीत ५५ जण बसले, ७५ दिवस, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. अध्यक्ष कोण, तर वॅल्डीझ गावचा दुकानदार, बिल ईगन. मला हे फार आवडतं.

आता खरी गंमत. २४ एप्रिल १९५६ ला मतदान, आणि घटनेसोबत अजून दोन प्रश्न होते, त्यातला एक माशांचा! सॅमन मासा नदीत चढायला निघाला की वाटेतच मोठमोठे सापळे, आणि ते सापळे बहुतेक सिएटल-सॅन फ्रान्सिस्कोकडच्या डबाबंद मासळीच्या कंपन्यांचे, स्थानिक कोळ्याच्या जाळ्यात काय उरणार सांगा? तर राज्य झालं की सापळे बंद, हो की नाही? घटनेला मतं पडली १७,४४७ विरुद्ध ८,१८०. सापळाबंदीला २१,२८५ विरुद्ध ४,००४! म्हणजे घटनेला नाही म्हणणाऱ्यांपैकीही कितीतरी जण माशांसाठी हो म्हणाले. घटनेतली कलमं किती जणांनी वाचली असतील देव जाणे, पण सापळा सगळ्यांनी पाहिला होता.

तिसरा प्रश्न होता, राज्य व्हायच्या आधीच सिनेटर निवडून पाठवायचे का. अमेरिकेतल्याच टेनेसीने राज्य होताना १७९६ मध्ये हीच युक्ती केलेली. लोक हो म्हणाले, दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी निवडून वॉशिंग्टनला गेले, तिथे त्यांना जागा काही मिळाली नाही, पण तिघंही दारात ठाण मांडून बसले.

मघाशी कोणीतरी विचारलंत, गोव्यातही असंच मतदान झालं होतं ना? झालं होतं, पण १९६७ चा तो ओपिनियन पोल, म्हणजे जनमत कौल, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर होता, घटनेवर नाही. १९८७ ला गोवा राज्य झालं ते संसदेच्या कायद्याने, आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे तसंच होतं, लोकांचं मत घ्यावंच लागतं असं नाही.

अलास्काला मात्र दुसऱ्यांदा मतदान करावं लागलं. जुलै १९५८ मध्ये अलास्काला राज्य करायच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरची सही झाली, पण त्यात अट, तीन प्रश्न लोकांपुढे ठेवा आणि तिन्हींना होकार आला तरच राज्य. २६ ऑगस्टला ते झालं. लगेच राज्य हवं का, या प्रश्नाला ४०,४५२ होकार, ८,०१० नकार. ३ जानेवारी १९५९ ला अलास्का ४९ वं राज्य झालं, दारात बसलेल्या त्या तिघांत ईगनही होता, तो दुकानदार मग पहिला गव्हर्नर झाला.