नाणं तिरकं करून बघा

नमस्कार मंडळी! आज चांदीच्या बुलियन नाण्यांबद्दल बोलूया, म्हणजे खर्चायला नाही तर चांदी म्हणून जपून ठेवायला घेतात ती, बहुतेक एक औंसाची, ३१.१ ग्रॅम. घेताना सगळे शुद्धता विचारतात आणि नक्षीकडे मात्र कुणी नीट बघत नाही, मला याचं वाईट वाटतं, कारण खऱ्या-खोट्याची पहिली साक्ष नक्षीच देते.

ब्रिटनचं ब्रिटानिया घ्या. २०२१ पासून त्यावर एक छोटी खूण असते, नाणं तिरकं केलं की त्रिशूळ दिसतो, अजून जरा कलवलं की त्याच जागी कुलूप! ब्रिटानियाच्या आकृतीमागच्या लाटा हलल्यासारख्या वाटतात, आणि गोलाकार ओळीत इतकी बारीक लॅटिन अक्षरं आहेत की भिंगच लागतं. 'देकुस एत तुतामेन', म्हणजे शोभा आणि संरक्षण. हे शब्द १६६२ मध्येच इंग्लंडच्या नाण्यांच्या कडेवर आले होते, तेव्हा लोक कडा कातरून चांदी काढून घ्यायचे ना, अक्षरं असली की कातरलेलं लगेच दिसायचं. साडेतीनशे वर्षांनी तेच शब्द पुन्हा पहाऱ्याला उभे आहेत, मला तर हे फार आवडतं.

कॅनडाच्या मेपल लीफवर २०१४ पासून किरणांसारख्या बारीक रेघा आहेत, नाणं फिरवलं की उजेड त्यांच्यावरून सरकतो, साच्यात ओतलेल्या नकलेत त्या बोथट होतात. शिवाय लेझरने कोरलेलं इवलंसं पान, त्यात वर्षाचे शेवटचे दोन आकडे. अमेरिकेच्या सिल्व्हर ईगलचं डिझाइन २०२१ मध्ये बदललं तेव्हा कडेच्या खाचांमधली एक जागा मुद्दाम मोकळी सोडली. किती साधी युक्ती!

तरी शंका राहिलीच तर घरचा बारीक वजनकाटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा आता नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. चांदी तेवढ्याच जागेतल्या पाण्याच्या १०.४९ पट जड, त्यामुळे एक औंसाच्या खऱ्या नाण्याला काटा साधारण २.९७ ग्रॅम दाखवतो. तेवढ्याच वजनाचं पितळेवर मुलामा दिलेलं असेल तर ते जास्त जागा घेतं, आणि काटा साडेतीनच्या वर जातो.