कोपऱ्यावर संपणारा दगड

(दृश्य: नव्या वसाहतीतलं एक घर, समोरून. कॅमेरा हळूहळू उजव्या कोपऱ्याकडे सरकतो.)

समोरून पाहिलं तर हे घर दगडी वाटतं. आता कोपऱ्यापाशी या. दगड इथंच संपतो आणि त्याची खरी जाडी उघडी पडते, जेमतेम दोन इंच. सिमेंट साच्यात ओतून, वर रंग देऊन केलेल्या चकत्या भिंतीला चिकटवल्या आहेत. कोपरा ओलांडला की व्हायनलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, पट्ट्या सुरू होतात, त्या पार मागच्या अंगणापर्यंत जातात. एवढ्या लांबीत न्हाणीघराची एक खिडकी, गॅसचा मीटर आणि एसीचं यंत्र. बस.

(ड्रोन: वसाहत वरून.)

हे शिकागोच्या अगदी बाहेरच्या कडेचं उपनगर. पूर्वी इथं मक्याची आणि सोयाबीनची शेतं होती. वरून छपरं बघा. एकेका घरावर चार-चार, पाच-पाच त्रिकोण आहेत. म्हणजे आकारांची इथं वाण नाही. जुन्या घरांपेक्षा आकार जास्त, साहित्याचे प्रकारही जास्त. तरी या रस्त्यावरून चालताना नजर कुठं ठरत नाही, सगळं नीरस वाटतं. असं का, ते कळायला शहराच्या आत जावं लागेल.

(दृश्य: विटांच्या बंगल्यांची रांग, सकाळचं ऊन.)

हा शिकागोचा ‘बंगलो बेल्ट’. साधारण 1910 ते 1940 या काळात शहराभोवती चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्यात असे सुमारे 80,000 बंगले उभे राहिले. दीड मजला, विटेच्या भिंती, कमी उताराचं छप्पर. कामगार आणि कारकून कुटुंबांनी हप्त्यांवर घेतलेली ही घरं, धनिकांची नव्हेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण देखणं घर म्हणजे पैशाचा मामला असं आपण फार पटकन धरून चालतो.

(क्लोज-अप: वीटकाम.)

ही दर्शनी वीट. खिडकीच्या वर उभ्या विटांचा एक थर, खाली चुनखडीच्या दगडाची उंबरपट्टी. पट्टी भिंतीच्या बाहेर थोडी काढली आहे, कारण पावसाचं पाणी भिंतीवरून न ओघळता पुढं पडायला हवं. त्या दोन बोटांच्या पुढाव्यामुळं दुपारी भिंतीवर सावलीची एक रेघ उमटते. आपल्याला जी शोभा वाटते ती ही रेघ. बाजूची भिंत साध्या, स्वस्त विटेची आहे, शेजारचं घर तीन-चार फुटांवर असल्यामुळं. काटकसर इथंही आहेच. पण कोपऱ्यावर बघा, दर्शनी वीट वळून थोडी आत गेली आहे आणि मग साध्या विटेत गुंफली आहे. गवंड्यानं कोपरा पुरा केला आहे.

1871 च्या मोठ्या आगीनंतर शिकागोत लाकडी बांधकामावर निर्बंध आले आणि वीट हा इथला धर्मच झाला. वीट रचणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेले.

(दृश्य: जुन्या कॅटलॉगची पानं.)

मात्र ही घरं प्रत्येकासाठी कुणी वेगळी काढली होती, असं समजू नका. नकाशे छापील होते. दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे गिरण्यांच्या कॅटलॉगमधून यायचे. याच शिकागोतली सिअर्स, रोबक कंपनी 1908 ते 1940 या काळात अख्खी घरं टपालानं विकत होती. नंबर घातलेली लाकडं रेल्वेच्या वाघिणीतून यायची आणि गिऱ्हाईक ती जागेवर जोडून घ्यायचं. तेव्हा ‘सगळं छापाचं झालं म्हणून नीरस झालं’ हे उत्तर पुरत नाही. छाप तेव्हाही होता.

फरक होता तो रस्ता भरण्याच्या पद्धतीत. एक छोटा ठेकेदार ओळीनं थोडे प्लॉट घ्यायचा, घरं बांधून विकायचा, मग पुढचे घ्यायचा. शेजारी दुसरा ठेकेदार, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या भट्टीची वीट. प्लॉट अरुंद, 25 ते 37 फूट. एवढ्याशा रुंदीत मोठे हातवारे करता येत नाहीत, म्हणून सगळी कारागिरी फुटपाथवरून चालणाऱ्याच्या डोळ्यासमोर येईल तिथं ओतली: रंगीत काच, पायऱ्यांचा कठडा, दाराची कमान. गाडी ठेवायची खोली मागच्या गल्लीत. रस्त्याच्या बाजूला माणसं राहतात, आणि ते लगेच दिसतं.

(अभिलेखीय चित्रफीत: लेव्हिटटाउन.)

1947. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथं लेव्हिट अँड सन्स कंपनीनं घरबांधणीचे 27 टप्पे पाडले. घर जागेवर राहतं, टोळ्या पुढं सरकतात. एक टोळी काँक्रीटची लादी ओतते, दुसरी सांगाडा उभा करते, तिसरी फक्त रंग देते. तळघर नाही. काम ऐन भरात असताना दिवसाला तीस घरं तयार होत होती. 1951 पर्यंत 17,000 च्या वर. युद्धावरून परतलेल्या हजारो सैनिकांना डोक्यावर छप्पर मिळालं, हे या पद्धतीचं मोठं देणं. कृष्णवर्णीय कुटुंबांना मात्र करारातच मज्जाव होता.

या घाऊक बांधणीमागं सरकारी हमी होती. 1934 मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झालं. कर्जाला त्याचा विमा मिळाला तर बँक दीर्घ मुदतीचं कर्ज देणार, आणि विमा हवा तर वसाहत त्यांच्या मापात बसायला हवी. मोठ्या कंपनीला एकदाच कागद मंजूर करून घेऊन हजार घरं बांधणं सोपं. दहा प्लॉटवाल्या ठेकेदाराला ते जड.

(दृश्य: ट्रक. क्रेननं उचललेला छपराचा सांगाडा.)

आता हे नीट बघा. त्रिकोणी छपरं आली कुठून, त्याचं उत्तर या क्रेनला लटकतंय.

पूर्वी छप्पर सुतार जागेवर कापायचा. दोन उतार जिथं भेटतात तिथल्या प्रत्येक वाशाला दोन अंगांनी तिरका छेद लागतो. छेद चुकला की लाकूड वाया. अशी एक पन्हळ, म्हणजे दोन उतारांमधली घळ, वाढली की सुताराचा दिवस वाढला. म्हणून छप्पर साधं ठेवायचे आणि त्या साधेपणाची भरपाई खोल वळचणीनं करायचे. 1950 च्या दशकात दातेरी पत्र्याची पट्टी आली. दोन लाकडांवर ठेवून दाबली की दात लाकडात रुततात आणि सांधा तयार. कारखान्यात ट्रस, म्हणजे छपराचे तयार सांगाडे, बनू लागले. आज मोजमाप संगणक करतो, करवत यंत्र चालवतं, आणि ट्रकमधून आलेला प्रत्येक ट्रस क्रमांकानुसार बसवायचा. पन्हळ वाढवण्याचा खर्च कोसळला. मग घराचा नकाशा हवा तसा रुंद पसरला आणि छप्पर त्याच्यावर नंतर घातलं जाऊ लागलं.

(दृश्य: माळा, आतून.)

हा त्या पाच त्रिकोणांचा आतला भाग. लाकडांचं जाळं आहे, माणूस सरळ चालूही शकत नाही. बंगल्याचा माळा आठवा, मुलं मोठी झाली की तिथं खोल्या निघत. हा त्रिकोण फक्त रस्त्यावरून दिसण्यासाठी आहे.

(दृश्य: तीन घरांचे दर्शनी भाग एकात एक विरघळतात.)

ही तीन घरं एकावर एक ठेवली आहेत. दार, गॅरेज, खिडक्या जागच्या जागी. बदलतो तो त्रिकोणावरचा मुलामा. बऱ्याच गावांचा नियम आहे की लागोपाठची दोन घरं सारखी दिसता कामा नयेत. नियम चांगल्या हेतूनं केलेला. कंपनी काय करते, एकाच नकाशाला तीन-चार ‘एलिव्हेशन’, म्हणजे दर्शनी रूपं, काढते. एकाला ‘क्राफ्ट्समन’ शैली म्हणायचं, एकाला ‘फार्महाऊस’. गिऱ्हाईक यादीतून निवडतं. वेगळेपण घरात उगवलं नाही, वरून चढवलं.

(क्लोज-अप: खिडकीच्या झडपा.)

ही खिडकी साडेपाच फूट रुंद. दोन्हीकडच्या झडपा सव्वा-सव्वा फुटाच्या. मिटल्या असत्या तरी मधली तीन फूट काच उघडीच राहिली असती. पण त्या मिटतच नाहीत. बिजागरी नाही, प्लॅस्टिकमधून थेट भिंतीत स्क्रू मारले आहेत. काचेतली चौकटीची पांढरी पट्टी दोन काचांच्या मध्ये बंद आहे. मोठी काच महाग होती तेव्हा लहान काचा लाकडी पट्ट्यांत बसवत, त्या पद्धतीची ही आठवण. हे पाहणाऱ्याला हिशेब करता येत नसेल, तरी काहीतरी खोटं आहे हे डोळ्याला कळतं. माझ्या मते नीरसपणाचं मूळ इथं आहे. काम नसलेले भाग फार झाले आहेत.

नव्या घरांत वळचण का आखूड झाली? एसी आल्यावर सावलीची निकड संपली. ओसरी, उंच छत, आरपार वारा, सगळ्यांचीच. शिवाय कर्जासाठी मूल्यांकन होतं तेव्हा चौरस फूट, झोपायच्या खोल्या, न्हाणीघरं मोजली जातात, वळचण किती पुढं आली आहे याला तिथं रकाना नाही. अमेरिकेतलं नवं घर 1973 मध्ये सरासरी 1,660 चौरस फूट होतं, 2015 मध्ये ते 2,687 झालं. पैसा क्षेत्रफळात गेला आणि जे मोजलं जात नाही ते कापलं गेलं.

(दृश्य: 1920 च्या दशकातली छायाचित्रं, मग तोच रस्ता आज.)

जुन्या वस्त्यांच्या बाजूनं काळही उभा आहे, हे मान्य करायला हवं. या जुन्या छायाचित्रात बंगल्यांसमोर काठीएवढी रोपं आहेत आणि रस्ता बोडका दिसतो. आजची दाट सावली शंभर वर्षांची आहे. तेव्हाची जी घरं वाईट होती त्यातली बरीच पाडली गेली. लेव्हिटटाउनचं तर नवलच. आज तिथं मूळ रूपातलं घर शोधावं लागतं, लोकांनी खोल्या काढल्या, माळे उचलले, दारं हलवली. नव्या वसाहतींना काळ तशी मदत करेल का, याबद्दल मला शंका आहे. बहुतेक ठिकाणी होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संघटना, आहे. भिंतीला कोणता रंग चालेल याची यादी असते, आणि ती बहुतेक करड्या आणि बदामी छटांची.

(दृश्य: गॅरेजच्या दारांची रांग, चालत्या गाडीतून.)

परिणाम थोडक्यात: फुटपाथ रिकामे, गाडीशिवाय पाऊल नाही, आणि छपराच्या प्रत्येक जास्तीच्या पन्हळीत गळतीची एक जास्तीची जागा.

(दृश्य: पडद्यावर नियमावलीचं पान.)

ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरानं 1999 मध्ये नियम केला. गॅरेज घराच्या पुढं आलेलं चालणार नाही. दर्शनी रुंदीच्या निम्म्याहून जास्त जागा त्यानं खायची नाही. रस्त्याकडच्या भिंतीत किमान 15 टक्के खिडक्या आणि दार हवं. मुख्य दार रस्त्यावरून सापडायला हवं. बांधकाम व्यावसायिकांनी विरोध केला, नियम टिकला, घरं बांधली जात राहिली. शैली कोणती, दगड लावायचा की नाही, यावर या अटींत अवाक्षर नाही. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमधल्या नगर परिषदांनाही अशा अटी घालता येतात. पुढच्या शेतावर प्लॉट पडण्याआधी त्या घालायला हव्यात.