मॅनेजर म्हणजे हॉटेलची बुकिंग बघणारा माणूस नव्हे! | ब्रूस बोची

नमस्कार मंडळी! मागच्या बेसबॉलच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी बसलोच कॅमेऱ्यासमोर. 'दादा, मॅनेजरला एवढं डोक्यावर का घेता? तो तर हॉटेल आणि बसचं बघतो ना?'

क्रिकेटमध्ये बघतो. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कोच आणि कॅप्टन एकाच माणसात. कोण खेळणार, कोण कितव्या नंबरवर बॅटिंग करणार, पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, कधी बाहेर काढायचं, सगळं तोच ठरवतो. आणि तो खेळाडूंचाच युनिफॉर्म घालून बसतो. माझे बाबा सांगलीहून इकडे बे एरियात आले होते, तेव्हा त्यांना इथल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स टीमची मॅच दाखवायला नेलं. मधेच एक थोराड गृहस्थ पूर्ण ड्रेसमध्ये संथ चालत मैदानात निघाले. बाबा म्हणाले, "अरे, यांना कुणी रिटायर करत नाही का?"

ते होते ब्रूस बोची. चार वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल, जिंकलेला मॅनेजर, आणि मूळचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द पटकन उरकतो, कारण उरकण्यासारखीच आहे. जन्म १९५५, फ्रान्समध्ये, कारण वडील अमेरिकन सैन्यात. मग ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज, न्यूयॉर्क मेट्स, सॅन डिएगो पाद्रेज. नऊ सीझनमध्ये ३५८ मॅचेस, २६ होमरन (आपला सिक्सर समजा), बॅटिंग अ‍ॅव्हरेज .२३९, म्हणजे शंभरात जेमतेम चोवीस हिट. एका सीझनमध्ये १६२ मॅचेस असतात, म्हणजे हिशेब करा, हा माणूस बहुतेक वेळ बसलेलाच होता. डोकं मात्र एवढं मोठं की मेट्समध्ये गेल्यावर मापाचं हेल्मेट मिळेना, म्हणून जुनंच हेल्मेट रंगवून वापरलं, असा किस्सा सांगतात.

आता मुद्द्यावर: अशा कॅचरमधून एवढा मोठा मॅनेजर घडतो कसा? कमेंटमध्ये दर तिसरा माणूस लिहितो, 'कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, धोनीसारखा.' नाही हो! दिसायला तसाच, ग्लोव्ह्ज, पॅड, बॅटरच्या मागे, सगळं मान्य. पण विकेटकीपर बॉलरने काय टाकायचं ते ठरवत नाही. कॅचर बोटांनी खूण करतो: एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्ह. पिचर मान हलवून नाही म्हणू शकतो, मग पुढची खूण. २०२२ पासून खुणांसाठी बटणांचं यंत्र आलंय, पण डोकं चालवायचं काम तेच. आणि हे ओव्हरमध्ये एकदा नाही. प्रत्येक बॉलला. मॅचमध्ये दीडशेच्या आसपास वेळा.

काहींना अजून पटलेलं नाही, दिसतंय मला. बरं, दुसरीकडून बघा. मैदानात आठ जणांची तोंडं बॅटरकडे. कॅचर एकटा उलटा बसलेला. सगळी फिल्डिंग ज्याच्या समोर आहे असा तो एकच खेळाडू. डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकावर, बसून मॅनेजर जे बघतो, ते कॅचर उकिडवं बसून बघतो.

तरीही 'धोनी स्टंपमागून स्पिनरला सांगायचा की!' हो, सांगायचा. म्हणून तर तो कॅप्टन म्हणून भारी होता. पण कॅचरला आणखी एक कळतं: पिचरचा हात कधी दमला. बॉल त्याच्याच ग्लोव्हमध्ये येतो ना! आवाज बदलतो, बॉल खाली यायचा तो वर राहतो. इथे एक नियम लक्षात घ्या, बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येत नाही. चुकलात तर चुकलात. आणि बोचींसारखा राखीव कॅचर काय करतो? बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचर्सच्या सरावाच्या जागेत, त्यांना वॉर्म-अप करवतो. म्हणजे कुणाच्या हातात आज किती दम आहे हे तळहाताला माहीत.

म्हणूनच १९९५ ला पाद्रेजचे मॅनेजर झाल्यावर बुलपेन, म्हणजे बदली पिचर्स कधी आणायचे ते ओळखणं, हीच त्यांची खरी ताकद ठरली. १९९८ ला फायनल गाठली, पण न्यूयॉर्क यांकीजनी सरळ चार मॅचेसमध्ये धुतलं. यांकीजचा मॅनेजर कोण? जो टोरी. तोही पूर्वीचा कॅचर. मग जायंट्ससोबत २०१०, २०१२, २०१४ ला वर्ल्ड सिरीज जिंकली. २०१२ ला समोर डेट्रॉइटचे जिम लीलँड, मायनर लीगचे, म्हणजे खालच्या स्तरावरचे, कॅचर. २०१४ ला कॅन्सस सिटीचे नेड योस्ट, कॅचर! आता तरी पटलं?

२०१९ ला जायंट्सचा निरोप घेतला. मग टेक्सास रेंजर्सने बोलावलं. २०२१ ला १०२ मॅचेस हरलेली टीम. २०२३ ला, बोचींच्या पहिल्याच सीझनमध्ये, रेंजर्सची पहिलीवहिली वर्ल्ड सिरीज. प्लेऑफमध्ये परक्या मैदानावर ११ पैकी ११ मॅचेस जिंकल्या. गंमत म्हणजे २०१० ला बोचींनी याच रेंजर्सना फायनलमध्ये हरवलं होतं.

पण माझी आवडती मॅच २०१४ च्या फायनलची सातवी. जायंट्सचा पिचर मॅडिसन बमगार्नरने तीनच दिवसांपूर्वी पूर्ण मॅच एकट्याने टाकलेली, ११७ पिचेस. बोचींनी त्याला पाचव्या इनिंगला आणला आणि काढलाच नाही. नववी म्हणजे शेवटची इनिंग, जायंट्स ३-२ ने पुढे, दोन आउट, आणि समोरच्या टीमचा बरोबरी करू शकणारा खेळाडू तिसऱ्या बेसवर. मी सोफ्यावर उभा राहून टीव्हीला ओरडतोय, "काढा त्याला!" बोची डगआउटमध्ये ढिम्म. बॉल उडाला, जायंट्सच्या थर्ड बेसमन सँडोवालने झेलला, खेळ खलास.

आणि तो बॉल उडवणारा बॅटर कोण होता माहितीये? साल्वाडोर पेरेझ. कॅन्सस सिटीचा कॅचर. विकेटकीपर नाही हं, कॅचर!