गावरान सव्वीस, अमेरिकन बावन्न

नमस्कार मंडळी, झाली का कापसाची वेचणी? मागच्या आठवड्यात मानवतला मामाकडं गेलो होतो. ओसरीत सरकी पसरलेली, चहा यायचा होता, तेवढ्यात मामा म्हणाला, भाच्या तू एवढा शिकलास, मग सांग, गावरान पऱ्हाटीचा काटकपणा आणि अमेरिकनचा लांब धागा, दोघींचा संकर करून एकाच झाडात का आणत नाहीत?

मी सरक्याच मांडल्या समोर. गावरानमध्ये गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, २६, म्हणजे १३-१३ चे दोन संच, एक आईकडचा एक बापाकडचा. अमेरिकनमध्ये ५२, म्हणजे चार संच, कारण लाखो वर्षांपूर्वी दोन वेगळ्या कापसांची गाठ पडून ती झालीय, आणि त्यातला एक आपल्या गावरानच्याच भावकीतला बरं का! आता संकर केला तर गावरानकडून १३ आले, अमेरिकनकडून २६, झाले ३९. झाड उगवतं, पण परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात आणि इथं तिसऱ्या संचाला जोडीदारच नाही, मग बी कुठून धरणार. अर्धापूरच्या केळीचं पण तसंच, ११ चे तीन संच, ३३. शास्त्रज्ञ मग कोल्चिसिन नावाचं, गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन वापरून ३९ चे ७८ करतात, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकते.

मामा लगेच, अन् मग ते संकरित कापसाचं वाण, नांदेड ४४? अहो मामा, त्याचे आईबाप दोन्ही अमेरिकन, दोघांकडून २६-२६, संचाचा घोळच नाही. तिथं खेळ अ‍ॅलीलचा. जीन म्हणजे गुणसूत्रावरचा एखादा गुण ठरवणारा तुकडा, आणि अ‍ॅलील म्हणजे एकाच जीनचे वेगवेगळे नमुने. सरळ वाणात जोडीतले दोन्ही अ‍ॅलील बहुतेक सारखे, म्हणून बी घरचं ठेवलं तरी चालतं. संकरितात बऱ्याच जोड्यांत एक आईचा, एक बापाचा, दोन्ही वेगळे, त्यानंच तर झाडाला जोर येतो आणि पहिल्या वर्षी रान कसं एकसारखं दिसतं. पण त्याचीच सरकी परत टोकली की अशा प्रत्येक जोडीत चारातल्या साधारण दोन झाडांत अ‍ॅलील पुन्हा सारखे होऊन बसतात, कुठं आईचे दोन, कुठं बापाचे दोन, आणि अशा हजारो जोड्या, मग काय, एक झाड कमरेला लागतंय, शेजारचं गुडघ्याएवढं, तिसऱ्याला नुसता पाला.

मामा गप्पच झाला. कारण मागं एकदा त्यानं हेच केलं होतं, दोन एकर.

आतून मामीचा आवाज आला, "तेव्हा तर म्हणत होते, सरकी तू ओली ठेवलीस!"