गोठ्याला हात लावू द्या

(वसई परिसरातल्या एका वाचनालयात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘नाताळ आणि साधं कुटुंबजीवन’. त्यात नाझरेथचं घर, जेवणाची पंगत आणि शेजार असे तीन मुद्दे मांडेन, असं मी अध्यक्षांना कळवलं होतं. ते मांडणारच आहे. पण आधी मला गोठ्याविषयी, म्हणजे नाताळात घरोघरी मांडतात त्या येशूजन्माच्या देखाव्याविषयी, बोलू द्या. गेली काही वर्षं तो विषय माझ्या मनातून हलत नाही. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी येत्या आठवड्यात गोठ्याची खटपट सुरू होईल, आणि उरलेल्यांनी घरी गणपतीची आरास केलेली आहे. तेव्हा मी काय म्हणते ते दोघांनाही कळेल.

आमच्या लहानपणी गोठ्याची सुरुवात नाचणीपासून व्हायची. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई नाचणी भिजत घालायची. करवंट्यांत माती भरायची, त्यात ती पेरायची, रोज पाणी शिंपडायचं. नवरात्रात तुमच्याकडे घट बसतात ना, तसंच. नाताळापर्यंत हिरवीगार रोपं वर यायची आणि ती बेथलेहेमची शेतं व्हायची. भात नुकतंच झोडून झालेलं असायचं, त्यामुळे पेंढ्याला तोटा नाही. आजोबा बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधून द्यायचे. मोठा भाऊ विहिरीच्या काठावरचं शेवाळ खरवडून आणायचा आणि दरवर्षी त्यासाठी बोलणी खायचा, कारण तो हमखास पाय घसरून पडायचा. माती कालवायला आम्ही मुली. मूर्ती माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या. एका मेंढपाळाचा हात तुटलेला होता, तो डिंकाने चिकटवणं हे काकांचं काम. काका मुंबईत नोकरीला होते. पण तो हात त्यांच्याशिवाय कुणी चिकटवत नसे, ते शनिवारी घरी येईपर्यंत मेंढपाळ थांबायचा. (हशा)

गव्हाणी मात्र रिकामी असायची. मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परत आलो की घरातलं सगळ्यात लहान मूल बाळ येशूची मूर्ती तिथे ठेवायचं. ज्या वर्षी घरात धाकटं भावंड जन्माला यायचं, त्या वर्षी आधीच्या धाकट्याची ती मानाची जागा जायची. त्यावरून रडारड व्हायची. आजी सांगायची, बाळाला तू उचलून घे, मग बाळ मूर्ती ठेवील. म्हणजे त्यालाही काम.

मिस्साचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. कॅथलिक बिशपांची व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६५ साली संपली आणि त्यानंतरच आपल्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, मराठीतून उपासना रुजली. माझ्या आजीला लॅटिनचा एक शब्द कळत नव्हता. पण नाताळ म्हणजे काय हे तिला विचारलं असतं तर तिने अडखळल्याशिवाय सांगितलं असतं. तिला ते गोठ्याने, उपवासाने, चुलीने आणि घरातल्या रोजच्या रोझरीने, म्हणजे माळेच्या प्रार्थनेने, शिकवलं होतं. मला तर वाटतं, वसईत नाताळ टिकला तो घरांमुळेच. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. दोनशे वर्षांची सत्ता गेली, किल्ल्यातली एवढाली चर्चं ओस पडली. आज तुम्ही तिथे फिरायला जाता, भिंतींतून वड-पिंपळ फुटलेले बघता. पण किल्ल्याबाहेरच्या वाड्यांतून करंज्या तळणं थांबलं नाही. करंजी दिवाळीचीही आणि नाताळचीही. कुणी कुणाकडून घेतली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि ते बरंच झालं.

आता माझ्या मनात सलणारी गोष्ट सांगते. एका ठिकाणी, गावाचं नाव घेत नाही, मला गोठ्यांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. मी आनंदाने गेले. पहिल्याच घरात डोळे दिपले. थर्माकोलचा डोंगर, त्यावरून पंपाने वाहणारा धबधबा, मोटरवर फिरणारा तारा, तीन राजांचे उंट रुळावरून सरकत येतायत. लग्नाचे मंडप सजवणाऱ्या माणसाला बोलावून ते करून घेतलं होतं. काम सुरेख होतं, त्या कारागिराला मी नावं ठेवणार नाही. पण दाराशी सहा-सात वर्षांचा मुलगा उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी त्याला विचारलं, ‘यातलं तू काय केलंस रे?’ त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील कौतुकाने म्हणाले, ‘त्याला हातच लावू देत नाही मॅडम, वायरी आहेत.’

पुढे काही घरं झाल्यावर एका चाळीतल्या खोलीत गेलो. खाटेखालून ओढून काढलेल्या खोक्यात गोठा केला होता. छप्पर एका बाजूला कललेलं, शेतं आपल्या नाचणीचीच, आणि बैलाच्या शेजारी एक प्लास्टिकचा डायनासोर. तिथली मुलगी आम्हाला बसूच देईना. हे मी केलं, हे दादाने केलं, हे पप्पांनी चिकटवलं पण वाकडं चिकटवलं, हा पूल मम्मीच्या बांगडीच्या डबीचा आहे. मी विचारलं, डायनासोर इथे कसा? ती म्हणाली, ‘बाळाला बघायला सगळेच आले ना!’

सोबतच्या परीक्षकांनी डायनासोरचे गुण कापले. बेथलेहेमात डायनासोर नव्हते, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे, नव्हते. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, बैल आणि गाढवही नाहीत. तिथे फक्त गव्हाणी आहे. बैल आणि गाढव यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून भाविकांच्या मनात आले आणि तिथून गोठ्यात येऊन बसले. माणसं आपापल्या प्रेमाने त्या बाळाजवळ कुणाला ना कुणाला आणून बसवत आली आहेत. त्या मुलीनेही तेच केलं होतं. मी पुष्कळ वाद घातला. बक्षीस धबधब्याला मिळालं.

गुणपत्रिकेवर रकाने होते भव्यता, प्रकाशयोजना, हलती दृश्यं आणि सामाजिक संदेश यांचे. मी आयोजकांना म्हटलं, आणखी एक रकाना वाढवा, घरातल्या किती हातांनी काम केलं याचा. ते म्हणाले, हे तपासायचं कसं? अहो, यासारखं सोपं काही नाही. मुलांना विचारा. ज्याने केलंय त्याला गप्प बसवत नाही. मी तशी लेखी सूचनाही दिली. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. (हशा) तुम्ही हसताय, पण मला खरोखर वाईट वाटलं. माझ्यासाठी नव्हे, पाठीमागे हात बांधून उभ्या असलेल्या त्या मुलासाठी.

गोठा ही चाल सुरू कुणी केली ते आठवा. असिसीच्या संत फ्रान्सिसने. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगराळ गावात. तिथे मूर्तीच नव्हत्या. गव्हाणीत गवत पसरलं होतं, एक बैल, एक गाढव, आणि रानातून मशाली-मेणबत्त्या घेऊन आलेली आसपासची साधी माणसं. बेथलेहेमात त्या बाळाची किती गैरसोय झाली असेल, ते आपल्या डोळ्यांनी बघावं एवढीच फ्रान्सिसची इच्छा होती. २०२३ साली त्या घटनेला आठशे वर्षं झाली. गरिबी दिसावी म्हणून जी गोष्ट सुरू झाली, तिच्यात भव्यतेला गुण द्यायचे, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

याच्या उलट ३१ डिसेंबरचा म्हातारा बघा. जुने कपडे गोळा करायचे, पेंढा कोंबायचा, मडक्याचं किंवा चेंडूचं डोकं, घरोघर जाऊन पैसे मागायचे आणि रात्री बाराला सरत्या वर्षाला पेटवून द्यायचं. तो अजून पोरांच्या हातात आहे. का? जाळायचाच असतो, त्यामुळे मोठ्यांना त्यात रस नाही. म्हणून त्या रात्री पोरांच्या अंगात जो उत्साह संचारतो तो बघण्यासारखा असतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. सणाच्या दिवशी मूल आनंदी असतं ते त्याला काही मिळालं म्हणून असतंच, पण तो आनंद खोके उघडून होईपर्यंत पुरतो. ‘तू नसतास तर हे झालं नसतं’ असं ज्या मुलाला घरातून ऐकायला मिळतं, त्याचा आनंद जास्त मुरतो. आणि मुलाचंच कशाला, मोठ्यांचंही तेच आहे. मुंबईहून तो मातीचा हात चिकटवायला येणारे माझे काका त्या डिंकासाठी थोडेच येत होते?

फराळाचंही तसंच. कुलकुल सगळ्यांना माहीत आहेत. मैदा, नारळाचं दूध, अंडं, साखर. पिठाची गोळी नव्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळायची. दर डिसेंबरला आमच्याकडे नवा कंगवा यायचा आणि केसांना लावाल तर खबरदार, अशी ताकीद असायची. घरातले सगळे जमिनीवर गोल करून बसायचे. आजीचे कुलकुल शिंपल्यासारखे रेखीव, माझे मुठीएवढे. तळणीत सगळे एकत्र पडायचे. हे काम एकट्याने केलं तर जीव जातो. पाच-सहा जणांनी केलं तर संध्याकाळ कधी संपली ते कळत नाही, आणि त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या जुन्या गोष्टी बाहेर निघतात. आजीने दुष्काळातल्या दिवसांविषयी सांगितलेलं सगळं मी कुलकुल वळताना ऐकलंय. एरवी तिला बसायला वेळ कुठे होता?

आता समोरच्या बायका माझ्याकडे कशा बघतायत ते दिसतंय मला. बाई, विरार लोकलने लटकत रात्री नऊला घरी पोचायचं आणि मग कुलकुल वळायचे? तुमचं बरोबर आहे. मी तुम्हाला आणखी एका कामाला जुंपायला आलेले नाही. करंज्या विकत आणा, चकल्या विकत आणा. आपल्याच गावातल्या बायका त्या करून चार पैसे मिळवतात, त्यांनाही नाताळ आहे. फक्त एक पदार्थ घरात होऊ द्या, आणि तो असा निवडा की त्यात लहान मुलांचे आणि पुरुषांचे हात लागतील. जुना नाताळ सुंदर होता खरा, पण तो एकट्या बाईच्या कंबरेवर उभा होता, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. आई तीन दिवस चुलीपुढे असायची आणि मिस्साला उभ्या उभ्या तिचा डोळा लागायचा. तसला नाताळ मला परत नको आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं म्हणतायत. म्हणजे मूळ विषय आता सुरू करायचा! (हशा) भरभर सांगते.

नाझरेथचं घर. येशूच्या जन्माची रात्र आपल्याला पाठ आहे, पण नंतरची वर्षं? लूक सांगतो की कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. मधल्या काळातली बारा वर्षांचा असतानाची एकच घटना आपल्याला मिळते. यरुशलेमच्या यात्रेत तो मागे राहिला, आईवडिलांनी शोधलं, तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडला. मग तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. बस्स. पुढची वर्षं सुताराच्या घरात गेली. योसेफाचा तर एकही शब्द चारही शुभवर्तमानांत नाही. तो उठतो, निघतो, बाळाला आणि आईला घेऊन इजिप्तला जातो, परत आणतो, काम करतो. देवाने माणसाच्या जगात येऊन एवढी वर्षं साध्या घरात काढली, यावर आपण पुरेसा विचार केलेला नाही असं मला वाटतं. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण असतो. बहुतेक वेळा तोवर आपण सहलीला गेलेलो असतो. यंदा त्या रविवारी घरी राहा, एवढी विनंती.

पंगत. मिस्साहून आल्यावर फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि इंद्याल, म्हणजे मांसाचं आंबट-तिखट कालवण, वाढलं जातं, तेव्हा स्वयंपाक करणारी व्यक्तीही बसलेली असली पाहिजे. सगळं आधी मधोमध आणून ठेवा आणि मग सगळे एकदम बसा. कुणी वाढायला उभं राहायचं नाही. या मुद्द्यावर माझं एवढंच म्हणणं आहे आणि त्यात तडजोड नाही.

शेजार. आपल्या गावांतून आज कितीतरी घरांत म्हातारे आई-वडील एकटे आहेत. मुलं कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात. पंचवीस तारखेला आपण फराळाचं ताट घेऊन जातो, दारातच देतो, ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणतो आणि पुढच्या घरी. त्यांच्याकडे ताटं भरपूर जमतात, खायला माणूस नसतं. म्हणून माझी सूचना आहे की यंदा आधी जा, आणि द्यायला जाऊ नका, मागायला जा. मुलांना पाठवा. आजी, तुमच्या माळ्यावरच्या मूर्ती आम्हाला गोठ्यासाठी द्याल का? आजोबा, कामट्या कशा बांधायच्या? इंद्यालच्या मसाल्यात तुम्ही काय घालता? एका संध्याकाळी त्यांना घरी आणा, खुर्चीत बसवा आणि पिठाचा गोळा हातात द्या. आणि हो, आज घरी गेल्यावर नाचणी भिजत घाला, अजून वेळ आहे.