जमिनीवरचं काम, मांडीवरचं काम

(दृश्य: मोकळी फरशी. त्यावर उलगडत जाणारं जुनं लुगडं.)

एक जुनं नऊवारी लुगडं घ्या, सुती, धुवून धुवून मऊ पडलेलं. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याची चारपदरी घडी घातली की लांबी येते पावणेसात फूट आणि पन्हा, म्हणजे रुंदी, असतो साधारण पावणेचार फूट, म्हणजे एका माणसाला पुरेल एवढी गोधडी त्या एका लुगड्यातच बसलेली असते, कात्रीसुद्धा लावायला नको.

आता यावर धावदोरा घालायचाय. दोन ओळींमध्ये एक इंच अंतर धरलं तर ४५ ओळी होतात आणि प्रत्येक ओळ पावणेसात फुटांची, गुणाकार केला तर ३०० फुटांच्या थोडं वरच जातं. काहीजणी सरळ ओळी न घालता काठापासून आत आत फिरत शिवतात, तरी लांबी जवळपास तेवढीच भरते. सरावाचा हात मिनिटाला अर्धा फूट जातो असं धरू, सुई ओवणं, गाठ मारणं, गुंतलेला दोरा सोडवणं सगळं त्यातच. म्हणजे तासाला ३० फूट, झाले १० तास. आणि अंतर अर्ध्या इंचावर आणलंत तर २० तास, तेच लुगडं, तोच हात. त्यामुळे "गोधडी किती दिवसात होईल हो?" असं कुणी विचारलं की आधी हे विचारायचं की टाका किती दाट पाहिजे, म्हणजे दोन ओळींत अंतर किती, बाकीचं नंतर.

पण मग १० तासांची गोधडी दोन-दोन महिने घरात का पडून असते?

(दृश्य: पुण्यातला टू बीएचके. शिवणाची खोली. खिडकीशी मशीन, पलंगावर गाठोडी.)

या काकू पुण्यात राहतात आणि ऑर्डरीवर गोधड्या शिवतात. मुलगी लग्न होऊन गेली, तिची खोली ही आता शिवणाची खोली. म्हणजे नावाला शिवणाची, पाहुणे आले की पाहुण्यांची, आणि इस्त्रीचे कपडे तर कायमचेच इथे. बेडच्या पोटात साड्या, माळ्यावर साड्या, मशीनखाली चिंध्यांची पिशवी. काकूंना विचारलं की वेळेचं कसं जमवता तर त्या म्हणाल्या, वेळ असतो गं, जमीन नसते.

हे ऐकायला गमतीचं वाटेल पण सगळं प्लॅनिंग या एका वाक्यावर उभं आहे. गोधडीची कामं दोनच जातीची, एक जमिनीवरचं आणि एक मांडीवरचं.

जमिनीवरचं म्हणजे थर लावणं. खाली अस्तर, मध्ये जुन्या साड्यांचे पदर, वर दिसायचं कापड, सगळं एकावर एक पसरून मधून बाहेरच्या बाजूला हातानं सुरकुत्या काढत न्यायच्या, मग वीतवीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालायचे, म्हणजे पुढे थर सरकत नाहीत. याला मोकळी फरशी लागते, पूर्ण, सात फूट बाय चार फूट आणि शिवाय बाजूला फिरायला जागा. दुसरं माणूस हाताशी असेल तर फार बरं. आणि मुख्य म्हणजे हे काम मध्येच सोडून उठता येत नाही, अर्धवट पसरलेल्या साडीवरून एक पोरगं पळत गेलं की पहिल्यापासून सुरू. काकूंच्या घरी फरशी पुसायला मावशी अकरा वाजता येतात, फरशी वाळते साडेअकराला, आणि नवरा जेवायला येतो दीड वाजता. त्यात पाहुणे नाहीत, घरात कुणी आजारी नाही, बाहेरचं काही काम नाही असा दिवस पाहिजे. असे दिवस आठवड्यात एक मिळाला तर मिळाला.

मांडीवरचं काम मात्र कुठेही होतं. एकदा कच्चे टाके पडले की गोधडीची गुंडाळी करायची, जेवढा भाग शिवायचाय तेवढा मांडीवर घ्यायचा आणि मालिका बघत, फोन स्पीकरवर टाकून बहिणीशी बोलत, कुकरच्या शिट्ट्या मोजत दोन-दोन ओळी घालायच्या. वीस मिनिटं मिळाली तरी दहा फूट होतात की!

आणि लोकं नेमकं उलटं करतात. मोकळा रविवार मिळाला की उत्साहानं धावदोरा घालत बसतात, बोटं दुखेपर्यंत, आणि पुढच्या गोधडीचे थर लावायचे असतात तेव्हा घरात पाहुणे. मोकळा दिवस हा जमिनीसाठीच राखून ठेवायचा, एका बैठकीत दोन-तीन गोधड्यांचे थर लावून कच्चे टाके घालून गुंडाळ्या करून ठेवायच्या, मग पुढचा महिनाभर हाताला काम तयार. काकू हेच करतात. त्यांच्या कॅलेंडरवर गोधडी कधी संपणार ते लिहिलेलं नसतं, फरशी कधी मोकळी मिळणार ते लिहिलेलं असतं, बाकीचं त्या कानामागे टाकतात.

(दृश्य: अंगण. चार कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणलेली वाकळ.)

गावाकडे गोधडीला वाकळही म्हणतात, आणि तिथे हा जमिनीचा प्रश्न वेगळ्याच पद्धतीनं सुटायचा. साताऱ्याकडे, माण तालुक्यासारख्या कोरड्या भागात, ज्वारी निघाली, मळणी झाली, की चैत्र-वैशाखात रानात फारसं काही नसतं. ऊन कडक, साड्या धुवून टाकल्या की तासाभरात खडखडीत. अंगण सारवलेलं. म्हणजे वाकळ घालायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी, जमीन, ऊन आणि रिकामे हात, या एकाच दोन महिन्यांत जुळून यायच्या. पुढे लगीनसराई, पाहुणे येणार, अंथरुणं लागणार, त्यामुळे घाईही असायचीच. आणि मृगाचा पाऊस आला की बंद. ओलसर हवेत साडी नीट वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेले थर आत कोंडले की त्या गोधडीला जो वास बसतो तो काही केल्या जात नाही.

दुसरी गोष्ट सावड. आज माझ्या दारात, उद्या तुझ्या दारात. चार बाजूंना चौघी बसल्या की मघाचे १० तास अडीच तासांवर येतात, म्हणजे जेवणं आटपून बसलं तर चहाच्या वेळेला एक वाकळ पुरी. चौघींचा टाका वेगवेगळा पडायचा ते सोडा, कुणाचा बारीक, कुणाचा ढांगा टाकत गेल्यासारखा, पांघरणाऱ्याला त्याचं काय. आता फ्लॅटमध्ये एकटीनं बसून दहाचे दहा तास स्वतः काढायचे आणि वर वाटून घ्यायचं की आपलाच हात स्लो आहे, हे मला तरी अन्यायाचं वाटतं.

वर्षाच्या प्लॅनिंगमध्ये एक महिना मात्र कुणी विसरू नका. भाद्रपदात पितृपक्ष लागला की घटस्थापनेआधी घरातलं सगळं धुवून काढायची पद्धत आहे, नदीवर, विहिरीवर, ओढ्यावर गोधड्यांचे ढीग, आणि आता शहरात गच्चीवर. गोधडी ओली झाली की जड होते, पिळताना जुने टाके तटातट तुटतात, आणि कुठे काय फाटलंय ते सगळं तेव्हा दिसतं. त्यामुळे दुरुस्तीचं काम या पंधरवड्यात एकदम अंगावर येतं. ज्या बायका ऑर्डरी घेतात त्यांनी या दिवसांत नवीन गोधडीचा शब्द देऊच नये, ठिगळं लावण्यातच पंधरवडा जातो.

(दृश्य: वही. पानावर साडीचे छोटे तुकडे टाचलेले.)

ही काकूंची वही. रेषा आखलेली साधी वही, ॲप वगैरे नाही. एका पानाला एक गोधडी. कुणाची, कशासाठी, कधी द्यायची, ओळींचं अंतर एक इंच की अर्धा, आणि कोपऱ्यात त्या साडीचा बोटभर तुकडा टाचणीनं लावलेला. तो तुकडा फार कामाचा, कारण चार महिन्यांनी पिशवी उघडल्यावर ही निळी कुणाची आणि ती निळी कुणाची हे आठवत नाही. प्रत्येक गोधडीची पिशवी वेगळी आणि तिच्यातच तिचा दोरा, रीळ संपत आलं तर आधीच दुसरं आणून टाकलेलं, कारण त्याच रंगाचं रीळ पुन्हा मिळेल याची दुकानदारही गॅरंटी देत नाही.

एक गोधडी जमिनीवर, दोन मांडीवर, बाकी सगळ्या वहीत. यापेक्षा जास्त उघडायच्या नाहीत. आधी काकू एकदम पाच-सहा सुरू करायच्या, आज मूड लाल रंगाचा, उद्या हिरव्याचा, आणि एकही पुरी व्हायची नाही. हे सगळीकडेच असतं, परदेशात क्विल्ट करणाऱ्या बायका अशा अर्धवट कामांना यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट, आणि कपाटात किती यूएफओ आहेत हे एकमेकींना हसत हसत सांगतात.

सुयांचं पण सांगते. दोरा हातभर-दीड हातच घ्यायचा, जास्त घेतला की गुंततो. म्हणजे ३०० फुटांना दोनशेच्या आसपास वेळा सुई ओवायची. पन्नाशीनंतर यातच अर्धा जीव जातो, म्हणून नातू शाळेत जायच्या आधी दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून जातो, दुपारी काकूंचा हात थांबत नाही. एक सुई एक रुपया असा त्याचा रेट आहे आणि तो उधारी ठेवत नाही.

(दृश्य: पलंगावर मांडलेल्या साड्या. एक हात एक साडी उचलतो, परत ठेवतो.)

ज्या ऑर्डरीची तारीख काकू कधीच देत नाहीत ती म्हणजे गेलेल्या आईच्या साड्यांची गोधडी. हल्ली ही मागणी फार आहे. मुली फोन करतात, म्हणतात साड्या तयार आहेत, कधी घेऊन येऊ. येतात तेव्हा बारा साड्या असतात, लागतात पाच. मग पलंगावर मांडून बसायचं. ही तिनं माझ्या बारशाला नेसलेली, ही नको कापायला. ही दवाखान्यात होती तिच्यासोबत, ही घेऊच नका, किंवा हीच घ्या. एक बाई साड्या ठेवून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत न्यायला आल्या, मग दिवाळीनंतर पुन्हा घेऊन आल्या. काकू काही बोलल्या नाहीत, चहा केला. हा वेळ कुठल्या पानावर लिहायचा? तो शिवणाचा नाही, पण तो दिल्याशिवाय गोधडी सुरूच होत नाही. त्यामुळे नियम असा की कुठल्या साड्या हे पक्कं झाल्यावरच वहीत पान उघडायचं, तोपर्यंत गाठोडं तसंच बांधलेलं, आणि पहिली कात्री शक्यतो मुलीच्या हातानंच लावायची.

यात अजून एक अडचण निघते ती कापडाची. आजीच्या साड्या सुती होत्या, आईच्या बऱ्याचशा सिंथेटिक. त्या घाम शोषत नाहीत, एकमेकींवरून सरकतात, आणि कच्चे टाके दुप्पट घालावे लागतात, म्हणजे जमिनीवरचा वेळ वाढला. काकू त्या वर दिसायला घेतात आणि अंगाच्या बाजूला जुनी सुती चादर लावतात. नवीन सुती कापड आणलं तर ते आधी धुवून, वाळवून, मगच घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि बाकीचे थर तसेच राहतात, मग पूर्ण गोधडीला फुगवटे. लाल आणि गर्द निळं कापड पांढऱ्या फडक्यात ओलं करून दाबून बघायचं, रंग लागला तर ते या गोधडीतून बाद. हा एक दिवस वाचवायच्या नादात अख्खी गोधडी गुलाबी झालेली पाहिलीय लोकांनी.

मशीनवर पटकन होईल की, असं बरेचजण म्हणतात. तुकडे जोडायला मशीन उत्तमच, पाव इंचाची शिलाई धरून पट्ट्या भराभर निघतात. पण सगळे थर एकत्र घेऊन घरगुती मशीनच्या हाताखालून सात फुटी गुंडाळी सरकवायची म्हणजे खांदे भरून येतात, तिथे जागाच वीतभर असते. म्हणून जोडकाम मशीनवर, धावदोरा हातानं.

आणि ज्यांच्याकडे मोकळी फरशी अजिबातच नाही त्यांनी उत्तर कर्नाटकातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांकडे बघावं. हल्याळ, यल्लापूर या भागात त्या कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. अस्तराच्या साडीवर काठापासून सुरुवात करायची, कापडाचा एक तुकडा ठेवायचा, कडा आत मोडायची, आरपार टाका घालत पुढचा तुकडा, असं फिरत फिरत मधोमध यायचं. तुकडे जोडणं आणि धावदोरा घालणं ही कामं वेगळी नाहीतच, एकाच हातात दोन्ही होतात. शेवटी चार कोपऱ्यांना तिकोनी घड्यांची फुलं, ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. छोट्या घरात दुपट्यासाठी ही पद्धत वापरून बघायला हरकत नाही. तीन बाय तीन फुटांचं दुपटं, एक इंचाचा टाका, १०८ फूट, म्हणजे आपल्या हिशोबानं साडेतीन तासांच्या वर थोडंसं, कवंदीत कडा मोडायचा वेळ वेगळा. डोहाळजेवणाला सुरू केलं तर बारशापर्यंत आरामात होतं, बारशाच्या आदल्या दिवशी फोन केलात तर मात्र काकू फोन उचलणार नाहीत.

(दृश्य: दारात उभी गिऱ्हाईक, हातात मोठी पिशवी.)

पैशांवरून घासाघीस होतेच. कापड तर आमचंच आहे, जुनंच आहे, मग एवढे कसले घेता? आधी काकू गप्प बसायच्या. आता वही उघडतात, त्या पानावर १० तास मांडीवरचे, जमिनीवरचे वेगळे, धुणं-वाळवणं-इस्त्री वेगळी असं लिहिलेलं असतं, ते पान गिऱ्हाइकापुढे धरतात. बहुतेकजणी वाचून गप्प होतात. एखादी म्हणते, मग टाका जरा लांब लांब घाला, चालेल आम्हाला. काकू त्यालाही तयार असतात, दोन इंचाचा घातला तर पाच तास, तसे पैसे, पण एका पावसाळ्यात आतले थर गोळा होतील हेही तिथेच सांगतात. मग ती बाई थोडा विचार करते आणि म्हणते, बरं एक इंचाचाच घाला, कधी मिळेल? काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात, तिथे या महिन्यात फरशी मोकळी असल्याची एकच खूण आहे आणि तीही आधीच दुसरीच्या नावावर.